जानेवारी २०२२ मध्ये परदेशी निघताना कोविड टेस्ट: घड्याळ कुठून मोजायचं होतं?

हे सगळे तेव्हाचे नियम, आता ते लागू नाहीत. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट हाताशी आहे असं धरून चालतो. कोविनच्या, म्हणजे लशीच्या सरकारी पोर्टलच्या, सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडला नसेल तर आधी तेवढं उरकायचं, पाच मिनिटांचं काम होतं. त्याआधीच्या वर्षभरात ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतले बरेच आजी-आजोबा मुलांकडे जाऊन आले आणि त्यांचे कागद तपासायचं काम कधी माझ्या गळ्यात पडलं ते मलाही कळलं नाही. तेव्हा 'बहात्तर तासांचा रिपोर्ट कुठेही चालतो' असं ठणकावून सांगणाऱ्याचं ऐकायचं नव्हतं, मग तो तिकीट काढून देणारा एजंट का असेना.

नियम बघायचे ते ज्या देशात जाताय तिथल्या सरकारच्या आणि विमान कंपनीच्या वेबसाइटवर, आणि टेस्ट बुक करताना पुन्हा एकदा. व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता काउंटरवर दाखवून काही उपयोग होत नव्हता.

जानेवारी २०२२ मध्ये आमच्याकडचे लोक जास्त जायचे त्या तीन ठिकाणांचं असं होतं. ब्रिटन सोपं: लशीचे दोन्ही डोस झालेल्यांना ७ जानेवारीपासून निघण्याआधीची टेस्ट नव्हती, मात्र तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत करायची टेस्ट इथूनच पैसे भरून बुक करायची. दुबईला नमुना दिल्यापासून ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटी-पीसीआर रिपोर्ट लागायचा, शिवाय विमानतळावर उड्डाणाआधी सहा तासांच्या आत रॅपिड पीसीआर. बारा वर्षांखालच्या मुलांना दोन्हीतून सूट होती. अमेरिकेला लस घेतलेली असो वा नसो, ६ डिसेंबर २०२१ पासून एका दिवसाच्या आतली टेस्ट लागायची. तिथे अँटिजेनही चालायची, दोन वर्षांखालच्या बाळाला टेस्ट लागत नव्हती.

आता खरी मेख. दुबईचे ४८ तास हे घड्याळाचे तास होते, अमेरिकेचा 'एक दिवस' कॅलेंडरचा. विमान १५ तारखेला असेल तर १४ तारखेला कधीही दिलेला नमुना चालायचा, पहाटे सहाचासुद्धा. आणि मुंबईची कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात! तिकिटावर १५ तारीख, वेळ रात्री १:१०. म्हणजे घरातून निघायचं १४ च्या संध्याकाळी. लोक म्हणायचे, 'आम्ही १४ ला निघतोय, टेस्ट १३ ला करून टाकू.' संपलं. तारीख विमान सुटण्याची धरायची, बॅगा घेऊन रिक्षात बसण्याची नव्हे. मध्ये विमान बदलायचं असेल, तिकीट एकच असेल आणि थांबा चोवीस तासांहून जास्त नसेल, तर अमेरिकेसाठी पहिल्या विमानाची तारीख धरायचे. ज्या देशात थांबा आहे त्याचे नियम वेगळे बघायचे.

दुबई काय, अमेरिका काय, मोजणी सुरू व्हायची ती नमुना घेतल्यापासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. हे मला पाठ होतं, तरी एकदा तोंडावर आपटलो. चुलतभावाच्या सासूबाईंचं अमेरिकेचं असंच रात्री एकचं विमान. १४ ला सकाळी आठ वाजता मुलगा घरी येऊन माझ्यासमोर नाकात काडी घालून गेला. रिपोर्ट दुपारी मोबाइलवर आला, 'निगेटिव्ह' एवढं वाचून आम्ही खूश. काउंटरवरच्या मुलीने मात्र त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: नमुना घेतल्याची तारीख १३, वेळ रात्री ९:४२. आदल्या रात्री मी फोनवर बुकिंग केलं, तेव्हाच लॅबने बारकोड काढला होता आणि तीच वेळ रिपोर्टवर उमटली होती. लॅबला फोन केला तर 'सिस्टीम सकाळी उघडेल.' शेवटी विमानतळावरच रॅपिड पीसीआर केली, साध्या टेस्टच्या कितीतरी पट पैसे मोजून, आणि रिपोर्ट येईपर्यंत सासूबाई व्हीलचेअरवर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझा हट्ट होता: अमेरिकेची टेस्ट घरी बोलावून करायचीच नाही. सकाळी लॅब उघडताच स्वतः जायचं आणि फॉर्म भरणाऱ्याच्या स्क्रीनवर तारीख-वेळ डोळ्यांनी बघायची. राज्याच्या तेव्हाच्या दराप्रमाणे लॅबमध्ये ३५० रुपये, घरी ७००, पैसेही वाचायचे. 'रिपोर्ट किती तासांत?' याचं उत्तर 'येईल संध्याकाळपर्यंत' असं आलं तर दुसरी लॅब शोधायची, तेव्हा ओमिक्रॉनमुळे सगळीकडे रांग होती. दुबईसाठी मी उड्डाणाआधी ३६ तासांच्या सुमारास नमुना द्यायला लावायचो. अठ्ठेचाळिसाव्या तासाला दिला आणि विमान तासभर लेट झालं की बसा बोंबलत.

लॅबमध्येच उभं राहून नावही तपासायचं. लॅबवाला आधार मागायचा, आधारवर 'सुनंदाबाई', पासपोर्टवर सुनंदा आणि मधे नवऱ्याचं नाव. द्यायचा तो पासपोर्टच, त्याचा नंबर आणि जन्मतारीख रिपोर्टवर यायलाच हवी होती. रिपोर्ट आला की क्यूआर कोड दुसऱ्याच्या मोबाइलने स्कॅन करून पाहायचा. दोन प्रिंट काढायच्या, एक हातातल्या पर्समध्ये.

दुबईवाल्यांनी विमानतळावर सहा तास आधी पोचायचं, रॅपिडची रांग आधी लावायची, चहा नंतर.

परतीचं मुलांना आधीच सांगून ठेवायचं: भारतात यायला निघण्याआधी ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआरच लागायचा, अँटिजेन नाही, आणि तो भारत सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर चढवावा लागायचा. अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात फुकट होणाऱ्या टेस्टचा रिपोर्ट कधी दोन दिवसांनी यायचा, कधी तीन. परत आल्यावर, ११ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाने, सात दिवस घरात आणि आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट होती. त्या आठवड्यात लग्नाबिग्नाला हो म्हणायचं नाही.