जुन्या डिशवर डीडी फ्री डिश : गोव्यातील घरांसाठी

डीटीएचची वर्गणी बंद झाली की छत्री गच्चीवर किंवा कौलांच्या कडेला तशीच गंजत राहते, हे गोव्यात गावोगावी दिसते. त्यांतील बहुतेक डिश प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिश सेवेसाठी आजही उपयोगी आहेत. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक वर्गणी नाही, आणि डीडी सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या व अनेक खासगी वाहिन्या तिच्यावर पाहता येतात. तबकडी कोणत्याही कंपनीची असली तरी तिचे काम एकच, लहरी एका बिंदूवर गोळा करण्याचे. बदलावे लागतात ते एलएनबी (डिशच्या समोरच्या दांड्यावरचा, लहरी पकडणारा भाग), बॉक्स आणि डिशची दिशा. डिश आपल्या मालकीची आहे, कंपनीला परत करावयाची नाही, एवढी खात्री मात्र आधी करून घ्यावी.

प्रथम तबकडी तपासावी. पृष्ठभागावरचा थोडा गंज चालतो, पण आकार बिघडलेला चालत नाही. काठाच्या समोरासमोरच्या टोकांना दोन दोरे आडवे-उभे ताणून बांधावेत. मध्यावर ते एकमेकांना अलगद टेकले तर डिश सरळ आहे, मध्ये फट राहिली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला तर ती पिळवटलेली आहे. अशी डिश ठोकून सरळ करण्यापेक्षा दुसरी शोधणे बरे.

जुना एलएनबी वापरावा की नाही, हे त्याच्यावरील चिठ्ठीवर छापलेल्या आकड्यांवरून ठरते. फ्री डिशची एक प्रमुख फ्रिक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल (म्हणजे उभ्या कंपनाच्या लहरी), सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५०० अशी आहे. एलएनबी आलेल्या लहरीतून स्वतःची ठरलेली फ्रिक्वेन्सी वजा करून उरलेला सिग्नल केबलमधून खाली पाठवतो, आणि बॉक्सला साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा वाचता येतो. एलएनबी ९७५० चा असेल तर उरतात १३४०, जे बॉक्सला वाचता येतात. काही कंपन्यांचे एलएनबी केवळ १०६०० चे असतात, त्यांत उरतात ४९०, जे बॉक्सच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणजे दिशा कितीही अचूक साधली तरी अशा एलएनबीवर ही फ्रिक्वेन्सी मिळणार नाही. चिठ्ठीवर ९७५०/१०६०० असे दोन्ही आकडे असलेला युनिव्हर्सल एलएनबी घ्यावा. तो फारसा महाग नसतो.

कंपनीचा जुना बॉक्स सहसा तिच्याच सेवेला बांधलेला असतो. एमपीईजी-४ ही चित्र साठवण्याची नवी पद्धत वाचणारा फ्री-टू-एअर (वर्गणीशिवायच्या वाहिन्या दाखवणारा) बॉक्स घ्यावा, कारण केवळ एमपीईजी-२ वाचणाऱ्या जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या उघडत नाहीत. काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, तेव्हा आधी टीव्हीची मागची बाजू पाहावी.

खरे कष्ट दिशेचे आहेत. फ्री डिश ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. पणजीहून पाहता तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे आकडे जेमतेम अर्ध्या-एका अंशाने बदलतात. डिश टाटा प्लेची असेल, तर ती ८३ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाकडे पाहत असते, म्हणून तिला सुमारे २२ अंश पूर्वेकडे वळवून ८ अंश खाली आणावे लागते. डिश टीव्हीची असेल, तर ९५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून अगदी थोडी दक्षिणेकडे आणि जेमतेम सव्वा अंश वर.

उपग्रह एवढा उंच असल्याने सत्तरीतल्या डोंगरांची सहसा अडचण होत नाही. अडचण होते ती अंगणातल्या माडाफणसांची. डिशपेक्षा १० मीटर उंच असलेले झाड त्या दिशेला साडेपाच मीटरच्या आत असेल, तर ते आड येते. याची फार चांगली पारख सूर्य करून देतो. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरच्या अखेरीस, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य जवळजवळ उपग्रहाच्याच जागी असतो. त्या वेळी डिशच्या जागेवर स्वच्छ ऊन पडत असेल तर मार्ग मोकळा आहे. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र जाते, तो बिघाड समजू नये.

खांब ओळंब्याने उभा तपासल्याशिवाय डिश बसवू नये, नाहीतर ब्रॅकेटवरील अंशांना काही अर्थ उरत नाही. एलएनबी डिशच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ५० अंश फिरवावा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि मग सिग्नल कमकुवत का, याचा शोध भलतीकडेच घेत बसतात. त्यानंतर बॉक्समध्ये वरील फ्रिक्वेन्सी भरून एकाला टीव्हीसमोर बसवावे आणि दुसऱ्याने डिश बोटभर हलवून चार-पाच सेकंद थांबावे, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. लक्ष ‘क्वालिटी’च्या पट्टीवर ठेवावे, ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी चुकीच्या उपग्रहावरही भरलेली दिसते. क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, कारण एकच नट एकदम आवळला की डिश सरकते.

डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, त्यामुळे जूनमध्ये चित्र टिकावे असे वाटत असेल तर उन्हाळ्यातच क्वालिटी जितकी वर नेता येईल तितकी न्यावी. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत कनेक्टरमधली तांब्याची तार हिरवी पडते, म्हणून आरजी-६ केबलचा (एलएनबीपासून बॉक्सपर्यंतच्या डिशच्या तारेचा) जोड रबरी सीलिंग टेपने गच्च गुंडाळावा, स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट वापरावेत, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी आत न जाता त्या वळणावरून टपकेल. जोड सोडताना बॉक्स नेहमी बंद करावा आणि वळवाच्या गडगडाटात केबल बॉक्सपासून काढून ठेवावी.