जुनं घर घेताय? एक पाऊस बघून घ्या

नागपुरात जुनं स्वतंत्र घर पसंत पडलं, तरी इसार जोराचा पाऊस बघितल्यावरच द्या. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याने पाया हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, नाणं शिरेल एवढी भेग असेल तर पुट्टीवर विश्वास ठेवू नका, इंजिनिअरला पाया दाखवा. सिमेंट रस्ता अंगणापेक्षा उंच झालाय का? मग पाणी घरातच येणार. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, तेव्हा गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या काकूंना विचारा. दलाल सांगणार नाही. रजिस्ट्री, आरएल पत्र (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), टॅक्स पावती हे सगळं वकिलाकडून तपासून घ्याच.