मोटरचा पडदा मधेच अडकला तर

नळीवर गुंडाळला जाणारा मोटरचा पडदा अर्ध्यावर थांबला की आधी रिमोट बाजूला ठेवा. बटण पुन्हा पुन्हा दाबलं की मोटर तापते. पडद्याच्या नळीत बसणाऱ्या 230 व्होल्टच्या मोटरी बहुधा सलग 4-5 मिनिटं चालण्यापुरत्याच बनवलेल्या असतात. त्यापलीकडे तापल्या की आतलं थर्मल कटआउट त्यांना बंद करतं. मोटर जळली असं समजून लोक नवी आणायला निघतात, पण थंड झाल्यावर ती आपोआप चालू होते. बडोद्याच्या मे महिन्यात, पश्चिमेच्या तापलेल्या काचेशेजारी, तिला चांगला अर्धा तास द्या.

मग एकदाच बटण दाबून कान द्या. आवाजच नसेल तर भानगड विजेची किंवा रिमोटची. मोटर घुमते पण पडदा हलत नाही, तर काहीतरी अडकलंय. मोटर मोकळी फिरल्यासारखी वाटते आणि नळी जागची हलत नाही, तर मोटर आणि नळी यांना जोडणारं प्लास्टिकचं चाक तुटलं किंवा निसटलं असणार.

आवाज नसेल तेव्हा एमसीबी (विजेच्या बोर्डावरची आपोआप पडणारी कळ) बघा, रिमोटचा सेल बदला. अनेक रिमोटमध्ये चपटा 3 व्होल्टचा सेल असतो. दिवा लागतो म्हणून सेल चांगला आहे असं धरून चालू नका. एका रिमोटवर चार-पाच पडदे असतील तर रिमोटवर योग्य पडद्याचा चॅनल निवडलाय का ते तपासा. मुलांच्या हातून तो हमखास बदलतो. पडदा बॅटरीवरचा असेल तर पूर्ण चार्ज करून मगच पुढचं बघा.

अडकलाच असेल तर एमसीबी पाडा, पक्की शिडी लावा आणि टॉर्चने नळीची दोन्ही टोकं नीट बघा. आपल्या बडोद्यात उतराणीच्या पतंगबाजीनंतर, म्हणजे 14-15 जानेवारीच्या पुढे, उघड्या बाल्कनीच्या पडद्यात मांजा सापडतोच. तो नळी आणि तिला भिंतीवर धरणाऱ्या ब्रॅकेटच्या फटीत शिरतो आणि पडदा वर-खाली होताना आणखी घट्ट गुंडाळला जातो. मोटर चालवून तो निघेल ही आशा सोडा. जाड हातमोजे घाला, छोट्या कात्रीने तुकडे करा, एकेक तुकडा चिमट्याने काढा. काचेची पूड लावलेला दोरा उघड्या हाताने ओढलात तर बोट चिरेल आणि पडद्याची कडही कापली जाईल.

दोरा नसेल तर कापड बघा. पुष्कळदा दोष इथेच निघतो. गुंडाळताना कापड एका बाजूला सरकत जातं, कड ब्रॅकेटला घासते, दशा सुटतात आणि त्याच दशा टोकाशी अडकतात. सुटलेल्या दशा कात्रीने कापा, ओढू नका. मग ब्रॅकेटवर लेव्हल (पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) धरा. जी बाजू खाली, त्या बाजूला कापड सरकतं, म्हणून ब्रॅकेट एका पातळीत आणणं हाच खरा उपाय. पातळी बरोबर असूनही कापड डावीकडे जात असेल, तर पडदा पूर्ण खाली सोडून उघड्या नळीच्या उजव्या टोकाला मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवा. उजवीकडे जात असेल तर डाव्या टोकाला. पडदा वर घेऊन बघा. फरक अपुरा वाटला तर त्यावर आणखी एक पट्टी.

पडद्याची कड ज्यातून सरकते त्या बाजूच्या उभ्या खाचेत धूळ बसली असेल तर कोरड्या ब्रशने काढा आणि सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा मारा. शिलाई मशीनचं तेल मुळीच नको, त्यावर धूळ चिकटून गाळ होतो.

कापड मोकळं आहे आणि पडदा रोज एकाच चुकीच्या जागी थांबतो, तर वरची-खालची लिमिट, म्हणजे मोटरने थांबायची ठरवून दिलेली जागा, हलली आहे. ती लावायची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी, तेव्हा पुस्तिका शोधा. बाकीच्या मोटरींची वीज आधी बंद करा, नाहीतर त्यांच्याही लिमिट पुसल्या जाऊ शकतात.

वायरिंगला मात्र हात लावू नका. साध्या स्विचवरच्या मोटरला वर जाण्याची आणि खाली येण्याची वायर वेगळी असते; दोन्हींत एकदम वीज गेली तर मोटर खरंच जळते. कारागिराला फोन करण्याआधी मोटरच्या टोकावरच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर 6/28 असं काही छापलेलं असतं: 6 न्यूटन-मीटर जोर, मिनिटाला 28 फेरे. हे आकडे आणि पडद्याची लांबी-रुंदी आधीच सांगितली की तो योग्य मोटर घेऊनच घरी येतो.