झेब्रा माशाची पिल्लं हवीत? मग गोट्या आणा

झेब्रा, म्हणजे टाकीत पाळतात तो पट्ट्यांचा छोटा मासा, अंडी घालतो, त्यात कौतुक नाही. खरी कसरत आहे ती अंडी त्याच्याच तोंडातून वाचवण्याची. माझ्या टाकीत वर्षभर बारा झेब्रे होते आणि पिल्लू एकही नाही. एकदा पहाटे चहा ठेवता ठेवता नजर गेली: मादी अंडी सोडतेय, मागचे दोघे ती तळाला पोचायच्या आत टिपतायत. पुढच्या फेरीला तीही खायला हजर!

मूळचा हा गंगेच्या खोऱ्यातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने कोसी नदीतल्या माशांवरून याची नोंद केली. उथळ पाण्याची सवय, म्हणून वेगळ्या छोट्या टाकीत वीतभरच पाणी घ्या, तेही दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. तळाला गोट्यांचे दोन थर द्या. काचेच्याच, पुतण्याकडून उसन्या आणलेल्या चालतात. अंडी फटींत घरंगळतात, तिथे तोंड पोचत नाही.

मादी पोटाने गोल, रुपेरी. नर सडपातळ, पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक. आठवडाभर वेगळे ठेवून चांगलं खायला घाला. मग संध्याकाळी एक मादी, दोन नर त्या टाकीत सोडा, पाणी २६-२७ अंश. सकाळी उजाडताच पाठलाग सुरू होतो. तो थांबला की मोठ्यांना लगेच बाहेर काढा, दया नको.

अंडी मोहरीहून लहान, काचेसारखी. पांढरी पडली ती फुकट गेली, ड्रॉपरने काढून टाका. दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात आणि काचेला चिकटून लोंबतात, जणू कुणी पापणीचे केस चिकटवलेत. तेव्हा खायला घालू नका, पोटाशी पिवळा बलक असतो. पोहू लागली की इन्फ्युसोरिया द्या, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव. त्यासाठी बरणीत पाणी आणि कोबीचं पान टाकून चार-पाच दिवस आधीच खिडकीत ठेवायचं. वास येतो, घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा.

उकडलेल्या अंड्याचा बलकही चालतो, पण सुईच्या टोकावर मावेल एवढाच. मी चिमूटभर टाकला होता. रात्रीत पाणी दुधाळ झालं, सकाळी साठेक पिल्लांपैकी चार उरली. आठवड्याने आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची इवली पिल्लं) सुरू करा, आणि फिल्टर स्पंजचाच लावा, दुसरा पिल्लं ओढून घेतो.

तीनेक महिन्यांत हीच पिल्लं अंड्यांवर येतात. गोट्या धुऊन ठेवल्यात. पुतण्या अजून परत मागतोय.