लेह ते पोर्ट ब्लेअर : अंतराच्या आकड्यावर बेत आखू नका

दोन विमानतळांची नावं टाकली की ऑनलाइन कॅल्क्युलेटर चुटकीसरशी उत्तर देतो. लेह ते पोर्ट ब्लेअर साधारण 2,940 किलोमीटर, वेळ चार तासांच्या आसपास. गणित बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत कमी अंतर घ्यायचं, ताशी 800 किलोमीटरने भागायचं, उड्डाण आणि उतरण्यासाठी अर्धा तास वाढवायचा. पण या वाटेने विमानाने जायचं तर मध्ये कुठेतरी विमान बदलावंच लागतं.

दिल्लीमार्गे लेहहून साधारण 620 आणि पुढे 2,485 किलोमीटर, म्हणजे अंतर फारसं वाढत नाही. वाढतो तो वेळ. लेहचा विमानतळ 3,200 मीटरहून उंचावर, डोंगरांच्या कुशीत. दुपारी तिथे वारा उठतो, ऊन तापलं की आधीच विरळ हवा आणखी विरळ होते, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच सुटतात. त्यामुळे परतीला पोर्ट ब्लेअरहून दुपारी दिल्लीत उतरलात, तर लेहसाठी रात्र दिल्लीतच काढावी लागते.

म्हणून आधी दोन्ही टोकांची वेळापत्रकं बघा, मग अंतर. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान रद्द झालं, तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. वेगवेगळी तिकिटं काढलीत, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. आणि समुद्रसपाटीवरून थेट लेहला पोचणार असाल, तर पहिले दोन दिवस विश्रांतीसाठी मोकळे ठेवाच.