कार्य, ऊर्जा, शक्ती: सूत्र पाठ असूनही होणाऱ्या या चुका टाळा

या प्रकरणात सूत्रं मोजून चार-पाच. म्हणून मुलं ते एका संध्याकाळी ‘संपवतात’ आणि मग वर्षभर त्यातच मार्क घालवतात. इतर प्रकरणांत चुकलं की उत्तर बहुधा विचित्र येतं, निदान शंका तरी येते. इथे उत्तर गोंडस येतं आणि चुकलेलं असतं. पेपर तपासताना ज्या चुकांवर माझी सगळ्यात जास्त लाल शाई गेली आहे, त्या इथे लिहितो. पहिलीला जास्त जागा देणार, कारण ती मी स्वतः केली आहे. फळ्यावर, भरल्या वर्गासमोर.

गुरुत्वाकर्षण दोनदा मोजणं

शिकवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. गणित अगदी साधं: ५ मीटर उंचीच्या गुळगुळीत उतारावरून २ किलोग्रॅमचा ठोकळा सोडला, तळाशी वेग किती? मी फळ्यावर झपाझप लिहिलं. वर असताना स्थितिज ऊर्जा एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण ९.८ गुणिले उंची), म्हणजे ९८ ज्यूल. खाली येताना गुरुत्वाकर्षणाने केलेलं कार्य, तेही ९८ ज्यूल. दोन्ही मिळून तळाशी गतिज ऊर्जा १९६ ज्यूल. वस्तुमान २ असल्यामुळे गतिज ऊर्जेच्या हाफ एमव्ही स्क्वेअरमधला (निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) हाफ उडाला, वेगाचा वर्ग १९६, वेग १४ मीटर प्रति सेकंद.

पूर्ण वर्ग! पूर्ण वर्ग आला की वर्गाला वाटतं, उत्तर बरोबरच असणार. मलाही वाटलं. मी खडू खाली ठेवला, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “सर, उतार काढूनच टाकला आणि ठोकळा ५ मीटरवरून नुसता सोडला, तर?” मी तोंडीच सांगितलं: दोन गुणिले ९.८ गुणिले ५, म्हणजे ९८, त्याचं वर्गमूळ साधारण ९.९. ती म्हणाली, “मग उतारावरून घसरणारा ठोकळा सरळ पडणाऱ्यापेक्षा जोरात कसा?”

मी म्हटलं, “उद्या बघू.” शिक्षकाने ‘उद्या बघू’ म्हटलं की काय समजायचं ते मुलांना बरोबर कळतं. दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा फळ्यावर घेतलं आणि माझी चूक माझ्याच हाताने खोडली.

चूक अशी की स्थितिज ऊर्जा ही गुरुत्वाकर्षणाच्या कार्याचीच दुसऱ्या नावाने ठेवलेली नोंद आहे. मी एकच रक्कम दोन खात्यांत जमा दाखवली होती. एकटा ठोकळा विचारात घेतलात, तर गुरुत्वाकर्षण हे बाहेरचं बल. त्याचं कार्य लिहा आणि स्थितिज ऊर्जेचं नाव काढू नका. ठोकळा आणि पृथ्वी मिळून घेतलीत, तर स्थितिज ऊर्जा लिहा, मग गुरुत्वाकर्षणाचं कार्य वेगळं धरायचं नाही. स्प्रिंगचंही तेच. पुस्तकांत कार्य-ऊर्जा प्रमेय (वस्तूवरचं एकूण कार्य म्हणजे तिच्या गतिज ऊर्जेतला बदल) एका पानावर आणि ऊर्जा अक्षय्यतेचा नियम दुसऱ्या पानावर असतो. घाईतला विद्यार्थी दोन्हीकडून एकेक ओळ उचलतो आणि बेरीज करून मोकळा होतो.

तेव्हापासून मी गणिताच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकट काढतो आणि तिच्यात फक्त नावं लिहितो: ‘ठोकळा’ किंवा ‘ठोकळा + पृथ्वी’. चौकट रिकामी असेल तर पुढची ओळ लिहायची नाही. हे बालिश वाटतं, आणि हुशार मुलंच ते सर्वात आधी सोडून देतात. शिवाय त्या मुलीची कसोटी मी कायमची उचलली आहे: स्थिर अवस्थेतून निघालेली वस्तू फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येत असेल, तर तिचा वेग तेवढ्याच उंचीवरून मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त येऊच शकत नाही.

‘कार्य किती?’ असं विचारलं आणि ‘कोणाचं?’ हे पाहिलंच नाही

१० किलोग्रॅमची पेटी एकसमान वेगाने २ मीटर वर उचलली. कार्य किती? एक मुलगा लिहितो १९६ ज्यूल, दुसरा उणे १९६, तिसरा शून्य. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. हाताने केलेलं कार्य १९६, गुरुत्वाकर्षणाने केलेलं उणे १९६, पेटीवर एकूण शून्य, म्हणून तर तिची गतिज ऊर्जा बदलली नाही. प्रश्नात ‘उचलणाऱ्याने केलेले कार्य’ असं स्वच्छ छापलेलं असतं, पण ‘एकसमान वेग’ दिसला की हात आपोआप शून्य लिहितो.

याच घरातली दुसरी खोड म्हणजे ‘नेहमी’. घर्षणाचं कार्य नेहमी ऋण. लंब बलाचं, म्हणजे टेकलेल्या वस्तूला पृष्ठभाग काटकोनात ढकलतो त्या बलाचं, कार्य नेहमी शून्य. दोन्ही वाक्यं मी वह्यांमध्ये रंगीत पेनाने अधोरेखित केलेली पाहिली आहेत, आणि दोन्ही खोटी आहेत. ट्रक सुटतो तेव्हा त्याच्या हौद्यातलं खोकं ट्रकबरोबर पुढे जातं. त्याला पुढे ढकलणारं बल कोणतं? घर्षणच. जमिनीवर उभं राहून पाहिलं तर त्या घर्षणाचं खोक्यावरचं कार्य धन आहे. लिफ्ट वर जाताना तिची फरशी तुम्हाला वर ढकलते आणि तुम्ही वरच जाता. लंब बलाचं कार्य इथे शून्य कसं असेल? म्हणून ‘नेहमी’ने सुरू होणारं वाक्य पाठ करायच्या आधी वस्तू कुठे सरकते आहे ते बघा.

आणि हो, जड पिशवी हातात धरून नुसतं उभं राहिलं तर पिशवीवरचं कार्य शून्य, हे ऐकून दरवर्षी कोणीतरी भांडतं. “मग हात का दुखतो?” प्रश्न रास्त आहे. स्नायू खिळ्यासारखा गप्प बसत नाही. आतले तंतू सतत आकसतात, सैलावतात, त्यात रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. खर्च खरा आहे, पण पिशवीच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

आकृतीत दिसला कोन, टाकला कोसाइन

बल गुणिले विस्थापन गुणिले कोसाइन थीटा. यातला थीटा म्हणजे बल आणि विस्थापन यांच्यामधला कोन, आकृतीत छापलेला कोणताही कोन नव्हे. ३० अंशांच्या उतारावरून वस्तू खाली सरकते तेव्हा वजन आणि विस्थापन यांच्यात ६० अंश असतात. मी तर उतार दिसला की गुरुत्वाकर्षणासाठी कोनाला हातच लावत नाही. वस्तू किती मीटर खाली आली ते बघतो आणि एमजीएच लिहितो. हा शॉर्टकट मला मान्य आहे, कारण तो कुठून आला ते मला सांगता येतं. ज्याला सांगता येत नाही त्याने लांबच्या रस्त्याने जावं.

वेग दुप्पट, ऊर्जाही दुप्पट?

गाडीचा वेग ० वरून १० मीटर प्रति सेकंद झाला, मग १० वरून २०. दोन्ही वेळा वाढ १०च, म्हणून ऊर्जाही सारखीच लागली असं निम्मा वर्ग सांगतो. १००० किलोग्रॅमच्या गाडीला पहिल्या टप्प्यात ५०,००० ज्यूल लागतात, दुसऱ्यात १,५०,०००. ब्रेकचं बल तेवढंच राहिलं तर दुप्पट वेगाच्या गाडीला थांबायला चौपट अंतर लागतं तेही यामुळेच. वेगाचा वर्ग घ्यायचा की नुसता वेग, यावर मोठमोठी माणसंही वाद घालत होती. १८व्या शतकात डच शास्त्रज्ञ ग्रॅव्हेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीत टाकून खड्डे मोजले. दुप्पट वेगाने आदळलेल्या गोळ्याचा खड्डा चौपट खोल निघाला. फ्रेंच विदुषी एमिली दू शातले यांनी याच निष्कर्षाची बाजू जोरात लावून धरली. तेव्हा तुमचा गोंधळ झाला तर लाज नाही, पण तो परीक्षेच्या आधी व्हावा.

‘किलोवॅट प्रति तास’

हे वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. किलोवॅट ही शक्ती, म्हणजे ऊर्जा वापरण्याचा दर. दराला वेळेने गुणलं की ऊर्जा मिळते: किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ‘प्रति’ म्हणजे भागाकार, आणि मुलं तो खरोखर करतात: ६० वॅटचा दिवा १० तास, साठ भागिले दहा, सहा! उत्तर आहे ०.६ किलोवॅट-तास.

शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक अंगात मुरवायचा असेल तर जिना चढा. वजन ६० किलोग्रॅम, उंची ३ मीटर: गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं कार्य १७६४ ज्यूल, सावकाश चढा की धावत. १२ सेकंद लावले तर सरासरी शक्ती १४७ वॅट, ४ सेकंदांत गेलात तर ४४१. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण ७४६ वॅट, म्हणजे वर पोहोचताना तुम्ही अर्ध्याहून जास्त घोडा झालात. धाप लागते ती त्याचीच.

बाकीच्या चुका पटापट.

ताशी ७२ किलोमीटर तसेच सूत्रात घातले तर वर्गामुळे उत्तर जवळजवळ १३ पट फुगतं. आधी २० मीटर प्रति सेकंद करा.

ग्रॅम म्हणजे किलोग्रॅम नव्हे. यावर आणखी लिहायची माझी इच्छा नाही.

स्प्रिंग दाबताना शेवटचं बल गुणिले अंतर करू नका. बल शून्यापासून वाढत जातं, म्हणून निम्मं. २०० न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग ०.१ मीटर दाबली तर १ ज्यूल, २ नाही.

स्थितिज ऊर्जेचा शून्य जमिनीवर धरा, टेबलावर धरा, पण गणिताच्या मध्यात हलवू नका.

आणि कॅल्क्युलेटर. तो अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला असेल तर ६०चं कोसाइन उणे ०.९५ येतं. एका उत्तरपत्रिकेत माणूस जीव तोडून ढकलगाडी पुढे ओढत होता, गाडी पुढे चालली होती, आणि त्याचं कार्य ऋण. मुलाने खाली एककासकट दुहेरी रेघ मारली होती. बसल्याबसल्या आधी ६०चं कोसाइन दाबून बघायचं, ०.५ दिसलं की मग प्रश्नपत्रिका उघडायची.