विभाग हाती येण्यापूर्वी: नाशिकच्या कारखानदारीतील काही अनुभव

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत डिप्लोमा वा इंजिनिअरिंग करून रुजू होणाऱ्यांच्या हाती काही वर्षांत एखादा विभाग येतो, आणि मशीनच्या ज्ञानाइतकाच त्यांचा स्वभावही कसोटीला लागतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांत दीर्घकाळ उत्पादन सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, वाईट बातमी किती लवकर पोहोचते यावरून प्रमुखाची पारख करावी.

सीएनसी लेथवर (संगणक-नियंत्रित यंत्रावर) बोअर म्हणजे नगातले भोक मारताना इन्सर्ट (कापणारे पाते) झिजत जातो, तसे माप हळूहळू खालच्या मर्यादेकडे सरकते आणि एअर गेजवर (हवेच्या दाबावर भोक मोजणाऱ्या उपकरणावर) ते ऑपरेटरला सर्वांत आधी दिसते. तो सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्याला) हाक मारणार की नग गुपचूप ट्रेमध्ये ठेवणार, हे मागच्या वेळी त्याने सांगितल्यावर काय घडले होते त्यावर अवलंबून असते. ‘कोणी केले?’ म्हणून त्याच्यावर आवाज चढवला गेला असेल, तर तो गप्प राहतो. ‘किती वाजल्यापासून?’ असे शांतपणे विचारले, तर शेवटच्या बरोबर तपासणीनंतरचा सगळा माल बाजूला काढता येतो, त्याला लाल टॅग लागतो आणि गाडी भरण्याआधी एकेक नग तपासता येतो. कोणाचे चुकले हे नंतरही पाहता येते. मात्र ग्राहकाच्या लाइनवर खराब नग सापडला, तर आपली माणसे तिथे पाठवून सॉर्टिंग करावे लागते आणि वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून नुकसान वळते करणारी चिठ्ठी, येते.

आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांची युरोपातील निर्यात अडचणीत आली होती. निर्यातीच्या बागांची ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर नोंद असल्याने पेटीपासून बागेपर्यंत माग काढता येतो, पण फवारणीची नोंद शेतकऱ्याने खरी लिहिली तरच पुढचा घोटाळा वेळीच टळतो, आणि ती खरी लिहिण्याइतका विश्वास निर्यातदाराला आधी कमवावा लागतो.

दुसरा अडथळा म्हणजे सगळे स्वतःच्याच सहीने चालवण्याची हौस. साहेब लग्नाला गेले म्हणून एका ड्रिलसाठी मशीन उभे राहिलेले मी पाहिले आहे. (साहेबांना त्याचाही अभिमान होता.) ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी सुपरवायझरवर सोपवावी आणि महिनाअखेरीस हिशेब पाहावा, एवढे पुरते.

वसुलीतील भिडस्तपणाही तितकाच महागात पडतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 च्या कायद्याने लेखी करार असला तरी देयकाची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि विलंबावर चक्रवाढ व्याज मागता येते; तरीही ‘संबंध बिघडतील’ म्हणून अनेक जण साधे स्मरणपत्रही पाठवत नाहीत, आणि मग कामगारांचा पगार लांबतो.

नवा विभाग हाती आल्यावर पहिल्या आठवड्यात सेकंड शिफ्टचे रिजेक्शन रजिस्टर स्वतः वाचावे. त्यात महिनाभर एकही नोंद नसेल, तर खूश न होता स्क्रॅपची पेटी उघडून पाहावी, आणि शिफ्ट बदलताना ऑपरेटरशी दहा मिनिटे बोलावे, तेही सेटरला बाजूला न सारता.